कूलरशेजारची मानाची खुर्ची

पत्राचा सारांश: जळगावातून एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे पत्र आले आहे. वय ६२, माहेर अमळनेर तालुक्यातले, ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी. पतीच्या निधनानंतर त्या मुलगा, सून आणि चौथीतला नातू यांच्यासोबत राहतात. रात्रीची जेवणे आटोपली की घरातली मंडळी टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम लावतात आणि पोट धरून हसतात, बाई मात्र गप्प बसून राहतात, नाहीतर "काय म्हणाला तो?" असे विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असतो. कुणाच्या जाडेपणावरचे, काळ्या रंगावरचे, साडी नेसलेल्या पुरुषावरचे विनोद त्यांना मुळीच आवडत नाहीत आणि अहिराणी बोलणारे पात्र केवळ हशा पिकवण्यासाठी आणले की वाईटही वाटते. एकेकाळी पतीसोबत 'अशी ही बनवाबनवी' पाहून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. तोच चित्रपट गेल्या महिन्यात दुपारी एकटीने मोबाइलवर पाहिला, तेव्हा एकदाही हसू आले नाही. "आजी, तुला विनोद कळतच नाही," असे नातू म्हणाला आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिले आहे. या वयात विनोदबुद्धी परत आणता येते का, हास्यक्लबात जावे का, आणि हमखास हसवणाऱ्या चित्रपटांची यादी द्याल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना ज्या ठिकाणी मला हसू फुटले, तिथूनच सुरुवात करते. तुम्ही लिहिले आहे, "३४ वर्षांच्या नोकरीत मी मोकळेपणाने हसले ती फक्त निरोप समारंभांच्या फोटोंत, आणि तेही फोटोग्राफरने बजावले म्हणून." पुढे लिहिता, "घरात माझा मान मोठा, म्हणून कूलरशेजारची खुर्ची माझी. वारा मला लागतो आणि विनोद बाकीच्यांना." ज्या बाईला विनोद कळत नाही तिच्या लेखणीतून अशी वाक्ये उतरत नाहीत. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली असतील, पण ती वाचणारा माणूस हसणार हे लिहिताना तुम्हाला ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास बसत नाही.

स्वतः गंभीर राहून दुसऱ्याला हसवणारी माणसे हा एक वेगळा आणि जुना वर्ग आहे. मूकपटांच्या काळातला बस्टर कीटन हा अमेरिकी विनोदी नट पडद्यावर जवळजवळ कधीच हसत नसे, आणि त्याचा तो दगडी चेहरा पाहूनच लोक हसत. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातही हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. माणूस स्वतः हसतो ते एक आणि दुसऱ्याला हसवतो ते दुसरे. त्याच ग्रंथात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि त्यांत दात न दिसणारे स्मित उत्तम प्रकृतीच्या माणसांकडे दिलेले आहे, तर पोट धरून, डोळ्यांत पाणी आणून हसणे अगदी तळाशी आहे. भरतमुनींची ही प्रतवारी मला स्वतःला मुळीच मान्य नाही, परंतु घरात पुन्हा कुणी तुमच्या हसण्याची परीक्षा घेऊ लागलेच, तर हा आधार तुमच्या कामी यावा म्हणून नोंदवून ठेवते.

आता त्या खुर्चीविषयी थोडे गंभीरपणे बोलू या. "काय म्हणाला तो?" हा प्रश्न तुमच्या पत्रात इतक्या सहजपणे आला आहे की त्यात काही शोधण्यासारखे आहे असे तुम्हाला वाटले नसावे. मला तो पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो. वयोमानाने ऐकणे कमी होऊ लागते ते बहुधा उंच पट्टीच्या ध्वनींपासून. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने आधी पुसट होतात आणि स्वर मात्र बऱ्यापैकी ऐकू येत राहतात. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे समजते, परंतु नेमके काय बोलला ते निसटते. बातम्यांत एखादा शब्द निसटला तरी वाक्याचा अर्थ लागतो. विनोदाचे तसे नसते, कारण त्याचा सारा भार बहुतेक वेळा शेवटच्या एकदोन शब्दांवर असतो, आणि नेमक्या त्याच वेळी कार्यक्रमातले प्रेक्षक हसत असतात, मागून संगीत वाजत असते आणि घरातलेही हसायला लागलेले असतात. त्यात जळगावचा एप्रिल, म्हणजे हॉलमधला कूलर पूर्ण वेगावर. अशा खुर्चीत बसवले तर तरण्याताठ्या माणसालाही निम्मे विनोद कळणार नाहीत.

म्हणून विनोदबुद्धीची चिंता करण्याआधी कान तपासून घ्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री नावाची तपासणी होते; तिला वेळ फारसा लागत नाही आणि दुखत तर काहीच नाही. तुमच्या शहरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. कधीकधी दोष नुसत्या साचलेल्या मळाचा निघतो, कधी श्रवणयंत्राची गरज असते. दोन्हींत लाज वाटण्यासारखे काही नाही. चष्मा लागला म्हणून आपण नाक मुरडत नाही, मग कानांच्या बाबतीतच एवढा संकोच का असावा, हे मला कळलेले नाही. तोवर खुर्ची कूलरपासून हलवून टीव्हीच्या जवळ, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा ठिकाणी घ्या. मान थोडा कमी होईल, पण शब्द कानांवर पडतील. मोबाइलवर चित्रपट पाहताना पडद्यावर खाली अक्षरे उमटण्याची सोय असेल तर तीही सुरू करून पाहा. हे सगळे मी केवळ तुमच्यासाठी लिहीत नाही. "हल्ली आई कशालाच हसत नाही" अशी तक्रार करणाऱ्या मुलांनीही आधी आईच्या कानांचा विचार करावा.

कानांचा प्रश्न सुटला तरी एक मोठा प्रश्न उरतो, आणि तो तुमच्या मनातल्या एका समजुतीचा आहे. विनोद सांगितला जातो, तो कळतो आणि मग हसू येते, असा क्रम तुम्ही गृहीत धरला आहे. जणू प्रश्न, उत्तर आणि गुण. अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर असे वाटणे स्वाभाविक आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मात्र हसण्याचा अभ्यास प्रयोगशाळेबाहेर, लोक जिथे गप्पा मारतात तिथे जाऊन केला. हजाराहून अधिक हास्यप्रसंगांच्या नोंदी घेतल्यावर त्याला आढळले की ज्याला विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेले हसू जेमतेम १० ते २० टक्के होते. बाकीचे हसू "बरं, येतो मग" किंवा "हे बघ कोण आलं" अशा अगदी साध्या बोलण्यामागून आलेले होते. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा अधिक हसतो, हेही त्याने दाखवून दिले.

आपल्याला हे पटवून देण्यासाठी खरे तर अमेरिकेची साक्ष काढण्याचे कारण नाही. हिवाळ्यातली शेतातली भरीत पार्टी आठवा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात आहेत, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत आहेत, कुणीतरी लाकडी बडगीत वांगी कुटतो आहे, आणि एवढ्यात कुणीतरी म्हणते, "अरे, मीठ घरीच राहिलं." या वाक्यात विनोद कुठे आहे? तरी मळाभर हशा पिकतो, आणि पुढे दरवर्षी त्या मीठ विसरणाऱ्याच्या नावाने पुन्हा पिकतो. हेच वाक्य लिहून टीव्हीवरच्या नटाच्या तोंडी घातले, तर कुणी ढुंकूनही पाहणार नाही.

आता तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, विषयाशी संबंध नसल्यासारखे जे लिहिले आहे त्याकडे येते. पारोळ्याकडे दिलेल्या धाकट्या बहिणीचा फोन आला की अर्धा तास कसा जातो ते कळत नाही, सून आतून येऊन विचारते की काय झाले, पण "तो आमचा आपला अहिराणीतला पाचकळपणा, त्याला विनोद म्हणत नाहीत," असे तुम्ही लिहिता. का म्हणत नाहीत, ताई? ज्या हसण्याने सून स्वयंपाकघरातून बाहेर येते ते हसणे तुम्ही हिशेबातच धरलेले नाही, आणि जे आले नाही त्याची मात्र रोज रात्री गैरहजेरी मांडत आहात. फोनवर तुम्ही बोलणाऱ्या असता, तुमच्या भाषेत असता आणि तुम्हाला पूर्णपणे ओळखणाऱ्या माणसाबरोबर असता. टीव्हीसमोर तुम्ही फक्त ऐकणाऱ्या असता, आणि तेही कूलरच्या आवाजात. शाळेत प्रमाण मराठीच बोलायची आणि मुलांकडूनही तीच बोलून घ्यायची, हा तुमच्या नोकरीचा भाग होता, आणि साठसत्तर मुलांचा वर्ग आवरायचा तर हसणे आवरावे लागते, हेही खरे. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. मात्र नोकरी संपल्यावरही घरात प्रमाण मराठी आणि अहिराणी फोनपुरती, ही विभागणी चालूच राहिली आहे. नातवाला विनोद न कळणारी आजी माहीत आहे. पारोळ्याच्या मावशीआजीला हसवून बेजार करणारी आजी त्याला अजून भेटलेलीच नाही.

चित्रपटांविषयी तुम्ही यादी मागितली आहे. ती मी देणार नाही, कारण यादीने तुमचा प्रश्न सुटणार नाही. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला तेव्हा तुम्ही तो भरलेल्या थिएटरात, शेजारी पती असताना पाहिला होता. पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही म्हणून चौघा तरुणांपैकी दोघे बायका होऊन राहतात, ही त्याची गोष्ट, आणि त्या काळी बदलीच्या गावी खोली शोधत फिरलेल्या तुम्हा दोघांना त्या अडचणीतली गंमत आतून कळली असणार. गेल्या महिन्यात दुपारी, एकटीने, हातातल्या पडद्यावर, प्रत्येक संवाद आधीच पाठ असताना तुम्ही तो पुन्हा लावला आणि शेजारची जागा रिकामी होती. हसू आले नाही, यात तुमच्या विनोदबुद्धीचा काय दोष? त्या दुपारी तुम्हाला पतीची आठवण आली असेल तर ते अगदी साहजिक आहे, आणि तिला अरसिकपणा समजण्याचे कारण नाही. हा चित्रपट पुन्हा पाहायचाच असेल तर तो ज्याने पाहिलेला नाही अशा माणसाबरोबर पाहा. आपल्याला ठाऊक असलेला प्रसंग जवळ येऊ लागला की आपण पडद्याकडे न बघता शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघू लागतो, आणि त्याचे हसू आपल्याला लागते.

नातवासोबत सुरुवात करायला मी मूकपट सुचवीन, कारण तिथे तुमचे कान आणि त्याचे कान एकाच पातळीवर येतात. चार्ली चॅप्लिनच्या १९२५ सालच्या 'द गोल्ड रश'मध्ये बर्फात अडकलेला भुकेला माणूस आपला बूट शिजवतो आणि एखाद्या मेजवानीला बसल्यासारखा तो नीटपणे खातो. खिळे हाडांसारखे चोखतो आणि नाडी शेवयांसारखी गुंडाळून घेतो. चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनवला होता, हे नातवाला नंतर सांगा, आधी नको. चॅप्लिनचे स्वतःचे बालपण लंडनमध्ये हलाखीत गेले होते, आणि भुकेवर हसू आणणे त्याला जमले त्यामागे ती ओळख आहे, असे मला वाटते. तुम्ही १९७२ सालच्या दुष्काळात नऊदहा वर्षांच्या असाल. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीच्या आणि दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीच्या गोष्टी आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगतात तेव्हा ती रडत नाहीत, हसतात. त्या भाकरीचा रंग, तिचा कडकपणा, ती पाहून कुत्र्यानेही कसे तोंड फिरवले, हे सगळे रंगवून सांगतात. बुटाचा प्रसंग पाहून झाल्यावर तुमच्याजवळची अशी एखादी गोष्ट नातवाला सांगा. तिथे बोलणाऱ्या तुम्ही असाल.

कोणत्या विनोदाला हसू येत नाही याविषयीही तुम्ही अपराधी वाटून घेतले आहे, आणि तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. कुणाच्या रंगावर, जाडेपणावर हसू न येणे ही उणीव नव्हे. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या हशा पिकवतो तो राजाची, प्रधानाची, पाटलाची फिरकी घेऊन. ज्याच्यापुढे एरवी मान खाली घालायची त्याला खाली बघायला लावून. आधीच खाली असलेल्याला आणखी ढकलून पिकवलेला हशा स्वस्त असतो. साडी नेसलेल्या पुरुषाच्या बाबतीत मात्र थोडा विवेक ठेवा. नुसती साडी दाखवून हसवणे वेगळे आणि अडचणीपायी साडी नेसावी लागलेल्या माणसाची तारांबळ दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला तुम्हीही एकेकाळी मनसोक्त हसला आहात. पण ही चर्चा रोज रात्री कार्यक्रम चालू असताना करू नका. नातवाने कारण विचारले तर एकदा शांतपणे सांगा आणि सोडून द्या, नाहीतर घराचा वर्ग होईल.

अहिराणीविषयीचे तुमचे दुःख मला समजते. भाषेला हसणे आणि भाषेत हसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पडद्यावर आपल्या वाट्याला बहुधा पहिली येते. तरीही खान्देशच्या वेशीवरच्या मालेगावचे उदाहरण नातवाला सांगण्यासारखे आहे. यंत्रमागांच्या त्या गावातल्या हौशी मंडळींनी तुटपुंज्या पैशांत 'शोले'चे आपल्या गावापुरते विडंबन केले, पुढच्या एका चित्रपटातला सुपरमॅनही तिथलाच निघाला, आणि तो होता एक हडकुळा यंत्रमाग कामगार. ही माणसे स्वतःवर हसत होती, स्वतःच्या गावातल्या गोष्टींवर हसत होती, म्हणून त्या हसण्यात कुणाचा अपमान नव्हता. तुमची बोली टीव्हीवर कशी येते हे तुमच्या हातात नाही, पण ती तुमच्या हॉलमध्ये कशी येते हे नक्कीच आहे.

हास्यक्लबाबद्दल थोडक्यात सांगते. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत मोजक्या माणसांना घेऊन ही चळवळ सुरू केली तेव्हा तिथे रोज विनोद सांगितले जात. काही दिवसांतच चांगले विनोद संपले, उरले ते कुणाला तरी बोचणारे, म्हणून विनोदच बंद करून नुसते हसण्याचे व्यायाम सुरू झाले. म्हणजे हास्यक्लबालाही विनोद पुरले नाहीत. तुम्हाला खोटे हसणे लाजिरवाणे वाटत असेल तर जबरदस्तीने जाऊ नका. मात्र सकाळी फिरायला सोबत आणि नंतर चहाला मैत्रिणी मिळणार असतील, तर त्यासाठी जरूर जा. मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या तयार विनोदांविषयी माझे मत फारसे बरे नाही; ते पुढे पाठवताना पाठवणारासुद्धा हसत नसतो.

एक सावधगिरीची गोष्ट. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही, पण असेच पत्र लिहावेसे वाटणाऱ्या इतरांसाठी सांगते. हसू येत नाही एवढेच नसून झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, आवडत्या माणसाचा फोनही घ्यावासा वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे, अशी स्थिती असेल तर चित्रपट शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आता तोंडावर आली आहे. शाळांनाही सुट्टी लागेल. बहिणीला जळगावला बोलावण्यापेक्षा तुम्हीच नातवाला घेऊन माहेरी जा आणि बहिणीलाही तिथेच बोलवा. निंबाच्या फांदीला झोका बांधलेला असेल, गौराईची गाणी होतील, आणि नदीकाठी शेजारच्या गावच्या मुलींशी गाण्यांतून आणि शिव्यांतून रंगणारे ते जुने भांडण आता पूर्वीसारखे होत नसले, तरी तुम्हा बहिणींना त्यातले पुष्कळ पाठ असेल. ते एकमेकींना म्हणून दाखवा आणि नातवाला शेजारी बसू द्या. तो प्रत्येक ओळीला "म्हणजे काय?" असे विचारणार आणि तुम्ही दोघी उत्तर देण्याआधीच हसत सुटणार. त्यांतल्या काही ओळींचा अर्थ चौथीतल्या मुलाला सांगण्यासारखा नाही, हे तुम्हीही जाणता. तिथे मुख्याध्यापिकेने काय उत्तर द्यायचे, ते तुमचे तुम्हीच ठरवा.